मांडीवर गीझर घेऊन औरंगाबादला

पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला निघालेल्यांनी या पोस्टवर फार विसंबू नये. मी गेले तेव्हा शहर औरंगाबाद होतं, विद्यापीठाच्या नामांतराचा लढा पेटलेला होता आणि माझ्या मांडीवर गॅसचा गीझर होता.

धाकट्या भावाला, मिलिंदला, वाळूजच्या कारखान्यात नोकरी लागली होती, दोन खोल्यांचं घरही झालं होतं. आई मात्र गंगापूरजवळच्या गावी एकटी. संधिवातानं तिची बोटं आखडलेली, बंब पेटवायला काडीसुद्धा धरवेना. शहराचं नाव काढलं की म्हणायची, "मला नाय करमत तिथं." थंडीच्या आत तिला मिलिंदकडे आणायचंच, असं आम्ही भावंडांनी ठरवलं आणि आमिष म्हणून हा गीझर घेतला. यात पाणी साठत नाही. नळ सोडला की जाळ पेटतो आणि लगेच गरम पाणी.

"बाई, ह्यात काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"पाणी तापवायचं यंत्र."

"मग पाणी कुठं हाय?"

बराच विचार करून त्यानं गीझरचं अर्धं तिकीट फाडलं. नगरला गाडी भरपूर थांबते. तिथली भेळ बरी, चहा टाळा.

गंगापूर फाट्यावर उतरून आईला आणायला जायचं होतं. तर फाट्यावरच नामांतरासाठी रास्ता रोको, आणि पहिल्या रांगेत आई. माझी एस.टी. माझ्याच आईनं अडवली होती!

"आई, मी तुलाच न्यायला आलेय."

"बस मग इथं. अर्ध्या तासात उठतो आमी."

मी गीझरचं खोकं घेऊन शेजारी बसले. एक पोलीस खोक्याभोवती दोनदा फिरून गेला. उठल्यावर आई त्याच गाडीत चढली. पोलिसांनी नेलंच तर असावेत म्हणून कपड्यांची पिशवी तिच्याजवळ तयारच होती. "आठच दिवस राहीन," तिनं बजावलं.

दुसऱ्या दिवशी गीझरच्या रबरी नळीसाठी शहागंजचा बाजार गाठला. दुकानदार म्हणाला, "आपा, नळी एकदम पक्की है. नल में पानी आएगा के नहीं, वो हम क्या बोलें?" संध्याकाळपर्यंत गीझर भिंतीवर बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिलिंद पहिल्या पाळीला गेला आणि आई न्हाणीत शिरली. थोड्या वेळानं हाक आली, "अगं, ह्याचं तोंड कुठं हाय?"

गरम पाण्याची बादली नळाखाली भरत होती आणि ती गार पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आमच्या घरचा नियमच तसा होता. बंबातून तांब्याभर गरम घेतलं की तेवढंच गार ओतायचं, मागून येणाऱ्याला पुरावं म्हणून.

"यात ओतायचं नसतं, आई."

"मग मागच्यानं काय करायचं?"

मी उत्तर देईपर्यंत तिनं वरच्या फटीतून तांब्या रिकामा केला. जाळ विझला, न्हाणीभर धूर झाला.

"असलं आपल्यापुरतं यंत्र मला नगं," ती म्हणाली. "मी चालले गावी."

माझं डोकंच फिरलं. "अगं, अंघोळीचं पाणी आहे ते! आंदोलन नाही!"

"मी शाळेचं तोंड पाह्यलं नाय," ती शांतपणे म्हणाली. "मग इद्यापीठाच्या नावासाठी रस्त्यावर बसते ती कुणासाठी?"

मला लाज वाटली. पिशवी भरताना तिची आखडलेली बोटं बघून रडूही आलं.

चार वाजता मिलिंद आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, गीझर पुसला, पेटवून पाहिला आणि म्हणाला, "आई, सकाळी तुझं झालं की माझ्यासाठी एक बादली भरून ठेवत जा. मी आल्यावर अंघोळ करीन."

"आत्ता कसं!" आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं सहा वाजता वाफाळती बादली भरली, वर ताट झाकलं आणि पिशवीतली लुगडी काढून दोरीवर टाकली.

मी पुण्याला परतले. रस्ता मोकळा होता. आठ दिवसांचे तीन महिने झाले, तेव्हा मिलिंदचं पत्र आलं: "आईची बोटं मोकळी झालीत. काल तिनं माझ्या शर्टाचं बटण लावून दिलं. गीझर झकास चालतो. अख्खी थंडी मी तिच्या बादलीतल्या, चारपर्यंत गार झालेल्या पाण्यानं अंघोळ केली. तिला कळू देऊ नकोस, लगेच गावी जाईल."