दीक्षितपुऱ्यात उरलेलं नाव

जबलपूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. शहरातल्याच गोरखपूर, अधारताल आणि दीक्षितपुरा या भागांत आमच्या तीन शाखा. नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा प्रत्येक मशीन आणि प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या शाखेखाली बसवायचं काम माझ्याकडे आलं. मला ते मनापासून आवडलं. आमच्या घरात कात्रीसुद्धा जागेवर सापडत नाही, त्यामुळे सगळं जागच्या जागी असण्याचं सुख मला ऑफिसातच मिळतं.

मग दीक्षितपुऱ्याची शाखा बंद करायचं ठरलं. गल्ली अरुंद, गाडी लावायची सोय नाही, पेशंट कमी. एक सोडून तिथली सगळी मशीनं मी स्क्रीनवर गोरखपूरखाली नेली, नव्या मुलींनाही तिकडेच टाकलं. दीक्षितपुऱ्याखाली राहिल्या एकट्या दीदी. शाखा उघडल्यापासून तिथं रक्त घेण्याचं काम त्याच करायच्या. त्यांचं काय करायचं, ते कोणी सांगितलंच नव्हतं.

मी साहेबांना विचारलं. "देखेंगे," ते म्हणाले.

हे देखेंगे मला चांगलं ठाऊक आहे. जा म्हणायचं नाही, ये म्हणायचं नाही, नुसतं ताटकळत ठेवायचं, म्हणजे माणूस आपणच कंटाळून राजीनामा देतो. माझं डोकंच फिरलं. पण साहेबांपुढे डोकं फिरवून चालत नाही.

शाखेत एक जरी माणूस असला, की ती पुसताना सॉफ्टवेअर अडतं आणि विचारतं, माणसांसकट पुसायची का? हो म्हटलं की काम झालं. मी हो म्हटलं नाही.

"दीक्षितपुरा अभी तक दिख क्यों रहा है?" साहेब विचारायचे.

"सर, दीदी को कहाँ रखूँ, वो बता दीजिए. उसके बिना नहीं हटेगा."

हे धादांत खोटं होतं, आणि बोलताना मला जराही लाज वाटायची नाही. बरेच दिवस हाच प्रश्न, हेच उत्तर चाललं. शेवटी ते वैतागले. "अरे भाई, अधारताल में डाल दो!" मी त्यांच्यासमोरच नाव हलवलं आणि बदलीच्या कागदावर सहीही तेव्हाच घेऊन टाकली.

संध्याकाळी उरलेलं मशीन आणायला दीक्षितपुऱ्याला गेलो. दीदी कपाट पुसत होत्या.

"दीदी, उद्यापासून तुम्ही अधारतालला. सही झाली आहे."

त्या खुर्चीवर बसल्या. फडक्याची घडी करून मांडीवर ठेवली.

"मला कोणी काही सांगूनच नव्हतं राहिलं, भैया," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी आल्याबरोबर मी हा कॉम्प्युटर लावून पाहायची, माझं नाव आहे का म्हणून. नाव दिसलं की मगच पिशवीतून डबा काढायची."