दुसऱ्या शनिवारची माणसं

आमच्या घरात बरीच वर्षं नुसती भीती होती. किस्से नंतर झाले. चार घाबरलेली माणसं महिन्यातून एकदा एका खोलीत बसून चहा प्यायला लागली, की ते आपोआप साठत जातात. कुडाळात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी जमतो. प्रत्येकाच्या घरात मनाच्या आजाराशी झगडणारं एक माणूस आहे. माझ्या घरात धाकटा भाऊ, मंगेश. मालवणात होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. हे त्याला विचारूनच सांगतेय. "सांग," म्हणाला, "पण माका बिचारो करू नको."

*

मंगेशने रागाच्या भरात स्वतःला इजा करून घेतली, तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाव सांगितलं: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. "हा हट्ट नाही, नाटकही नाही," ते म्हणाले. "याच्या भावना भरतीसारख्या येतात, आणि आपलं माणूस सोडून जाईल ही धास्ती कायम असते. बोलण्याच्या उपचारांनी फरक पडतो. वेळ लागतो."

आईला त्यातला एकच शब्द लक्षात राहिला. शेजारच्या काकूंनी "काय झाला गो झिलाक?" विचारलं, तर ती घाबरून "बॉर्डर..." एवढंच बोलली आणि घरात पळाली.

आठवड्याने मंगेश बाजारात दिसला. काकूंनी प्रेमाने विचारलं, "बॉर्डरवरसून रजेर इलंस रे?"

*

त्या वर्षी एकदा मी सहाला येते म्हणून सांगितलं होतं. मी शाळेत क्लार्क आहे, काम लांबलं, त्यात एसटी चुकली. घरी पोचायला पावणेसात झाले. फोनची बॅटरी संपलेली.

माझे सगळे कपडे खळ्यात, घरापुढच्या अंगणात पडले होते. मंगेश दारात उभा. "तुका पण जावचाच आसा ना? मगे जा."

मी एकेक कपडा उचलायला लागले. थोड्या वेळाने तो खाली बसला आणि साड्यांच्या घड्या घालायला लागला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "जाव नको."

*

गटात सावंत सर आहेत. रिटायर्ड गणिताचे शिक्षक, त्यांच्या मुलीला हाच आजार. मुलगी रडायला लागली की सर तिला मुद्देसूद समजवायचे, आणि ती आणखी पेटायची. आमच्या समुपदेशक मॅडमनी सांगितलं, "सर, आधी तिचं दुःख मान्य करा. चूक-बरोबर नंतर."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या वेळी मुलगी रडायला लागली तेव्हा सर इतके घाबरले, की एकही शब्द आठवेना. वही आणली, चष्मा लावला आणि वाचलं, "तुला किती त्रास होत असेल. इथे थांबणे. उत्तर देऊ नये."

मुलगी रडता रडता हसायला लागली. सर सांगतात, ते हसू त्यांनी तीन वर्षांनी ऐकलं.

*

मंगेशचे कुडाळात दर मंगळवारी उपचारांचे सेशन सुरू झाले तरी आईचं मन मानेना. तिने देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. एकदा देवाच्या कानावर घातलं की कुडाळच्या खेपा बंद, असा तिचा हिशेब. मला धाकधूक, चार लोकांत हा बिथरला तर?

गुरवाने सुरुवात केली. "बा देवा महाराजा, ह्या पोराची इडापिडा दूर कर रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले.

मंगेश हात जोडून मोठ्याने म्हणाला, "आणि दर मंगळवारी कुडाळाक जावंक ह्येका कोणी आडवू नये रे महाराजा."

"व्हय महाराजा." त्यात आईचाही आवाज होता.

*

गेल्या महिन्यात गटात एक नवीन काकी आल्या. त्यांच्या मुलीलाही हाच आजार. पदर बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. चहा तसाच गार झाला. शेवटी म्हणाल्या, "ह्यो आजार बरो होतलो काय?"

मला न्यायला आलेला मंगेश दाराशी उभा होता. तो म्हणाला, "काकी, माका इचारा. माकाच आसा तो. पयल्यापेक्षा बरो आसंय. रोज नाय." मग एकदम त्याने विचारलं, "तुमचा चेडू आता खंय आसा?"

"घरात. भायरसून कडी घालून इलंय. नायतर ती खंय जायत..."

मंगेशचा चेहरा उतरला. "उठा," एवढंच म्हणाला.

मॅडमही निघाल्या. त्या आणि काकी रिक्षात, आम्ही दोघं मागे बाइकवर. दहा मिनिटांचा रस्ता होता.

घरात काही आवाज नव्हता. काकी धावत खोलीच्या दाराशी गेल्या, कडीला हात घातला. मंगेशने त्यांना थांबवलं. हलकेच दारावर टकटक केली.

"मी मंगेश. तुझी आई आणि दोन बायो आसत बरोबर. भितर येव काय?"

मग आतून आवाज आला, "कडी भायर आसा."

"माका दिसता," मंगेश म्हणाला. "पण तुका इचारल्याशिवाय कशी काढू?"

आत दाराला लावलेलं काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला.

"येवा," ती म्हणाली.