रिकाम्या कोपऱ्याची दिशा

“ढिवराची पोर आहे, वर्गात जाळंच टाकणार,” सर म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. मी फळ्यापाशी उभी. हातात खडू. कान तापलेले.

चंद्रपूरचं कॉलेज, अकरावी सायन्स. गणित असं होतं. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर सारखे पॉझिटिव्ह चार्ज. समोरासमोरचे एकमेकांना खोडतात, म्हणून मधोमध फील्ड शून्य. आता एक चार्ज काढून टाका. मधोमध फील्ड किती आणि कोणत्या दिशेला? सगळे वहीत तीन-तीन बाण काढून बेरजा करत बसले. मी काही न मांडताच सांगितलं. एकाच चार्जएवढं, रिकाम्या कोपऱ्यापासून दूर.

“कसं काढलंस?” सरांनी विचारलं. मी मूर्ख, खरं सांगून बसले. आमच्याकडे मासे धरून तलावावरून आलं की चौघं जण जाळ्याचे चार कोपरे धरून ताणतात, भोकं बघायला. मधला भाग जागचा हलत नाही. एकानं हात सोडला की मधला भाग त्याच्या समोरच्याकडे जातो. उरलेल्या दोघांचा जोर आपसात फिटतो.

माझं मूल्य बरोबर होतं, दिशा उलटी. जाळं धरणारा ओढतो आणि पॉझिटिव्ह चार्ज ढकलतो. माझी चूक एवढीच.

पहिल्या बाकावर एका डॉक्टरांचा मुलगा होता. त्याचं मूल्यही चुकलं, दिशाही. त्याला सर म्हणाले, “घाई झाली, बेटा.” मला म्हणाले, “हे तुम्हा लोकांचं काम नाही. आर्ट्स घे. उद्या वडिलांची सही आण.” आणि शाखा बदलायचा अर्ज हातात ठेवला.

घरी बाबांनी लगेच पेन मागितला. जन्मभर कोणीही साहेब दाखवेल तिथे सही करत आलेला माणूस. मला त्या सरांपेक्षा बाबांचाच जास्त राग आला.

“सर म्हणते तं खरंच असन,” बाबा म्हणाले.

“मले येते, बाबा.”

“मंग सर खोटं बोलून राह्यले का?”

“हो.”

मी अर्ज त्यांच्या हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सरांनी अर्ज मागितला. मी कोराच टेबलावर ठेवला. न विचारता खडू उचलला, चौरस काढला, समोरासमोरची जोडी खोडली. उरलेल्या एकट्या चार्जचा बाण रिकाम्या कोपऱ्याकडे वळवला. मग सरांकडे तोंड केलं.

“मला काढायचं असेल तर कारण लिहून द्या. आणि काल कोणाकोणाचं उत्तर चुकलं, त्या सगळ्यांची नावं त्यात घाला.”

वर्गात कोणी हसलं नाही. सर म्हणाले, “जा, बस.” माफी वगैरे काही नाही. अजूनही ते माझ्याकडे न बघता हजेरी घेतात. कारणाचा कागद त्यांनी अजून दिलेला नाही. जोवर देत नाहीत, तोवर मी एकही तास चुकवणार नाही. दिला, तर तो घेऊन प्राचार्यांच्या दारात बसेन. सही मात्र आमच्या घरातून कोणाचीच मिळणार नाही.