बाटलीतल्या चिठ्ठ्या

गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या कॉलेजात शिकणारी एक मुलगी विंझरला आमच्या पडवीत राहायला होती. शेणात आणि कुजक्या पाल्यात राहणारे बारीक काळे किडे ती गोळा करायची. त्यांचे वरचे पंख फार आखूड, बंडी घालून पोट उघडं टाकल्यासारखे. डिवचलं की शेपूट वर करायचे.

"शेणातलं किडं बघायला एवढं शिकावं लागतंय व्हय?" सासूबाई म्हणाल्या.

"आजी, तुमचं शेण चांगलं, म्हणून तर आले," ती हसली.

मी कुणाशी फार बोलत नाही. पण तिनं भिंगातून दाखवलं तेव्हा विचारलं, "समदं सारखंच तर दिसत्यात?"

"काकू, ही सगळी एक भावकी. तोंडाजवळच्या मिशीचं शेवटचं पेर बघा, कुऱ्हाडीच्या पात्यासारखं रुंद. आता त्यातली घरं वेगळी करायची. शेणातले आणि पाल्यातले एकाच घरचे का, ते मला शोधायचंय."

एक दिवस ती भोरला गेली. मी तिच्या बाटल्या पुसायला घेतल्या, तर प्रत्येकीत किड्यांबरोबर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी स्पिरिटात भिजत होती. मला वाटलं, चुकून पडल्या. पोरीचं लिहिलेलं वाया जाईल म्हणून सगळ्या काढून सुपात वाळवल्या आणि तिच्या हातात गड्डी दिली.

ती एकेक चिठ्ठी बाटल्यांशी लावून बघू लागली. कुठला किडा कुठं सापडला, ते त्या चिठ्ठ्यांवरच होतं, आणि कुठली चिठ्ठी कुठल्या बाटलीतली, ते आता कळायला मार्ग नव्हता. चार दिवसांनी सरांना दाखवायचं होतं.

"म्या वळखते की. ह्यो शेणातला, ह्यो पाल्यातला," मी घाईनं म्हणाले.

"मलाही तसंच वाटतं, काकू. पण वाटतं म्हणून लिहिलं तर शोधलं काय?"

ती रागावली नाही. त्यानंच मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मीच तिला उठवलं. दुकानात मीठ मागायला लाजणारी मी, घरोघर शेण उकरू द्या म्हणत फिरले.

"काय गं, तू बी कालिजात जातीस व्हय?" शेजारीण म्हणाली.

"व्हय," मी म्हणाले.

दुपारी दोघींनी झाडीतला पाला चाळला. चार दिवसांत पहिल्याइतके किडे मिळाले नाहीत, पण दोन्हीकडचे मिळाले. जुन्या बाटल्या तिनं बाजूला ठेवल्या, 'ठिकाण माहीत नाही' असं लिहून.

नव्या चिठ्ठ्यांसाठी तिनं पेन्सिल माझ्या हातात दिली. चौथीनंतर मी फारसं लिहिलेलं नाही. "विंझर. गोठ्यामागं. शेण." अक्षरं एवढी मोठी आली की चिठ्ठी गुंडाळून बाटलीत सोडावी लागली. या खेपेला ती भिजताना बघत बसले.