काकूंच्या गाडीची स्प्रिंग

गाडी कुठली, बिघाड काय, यातलं काहीही विचारण्याआधी काका चष्मा कपाळावर ढकलायचे आणि विचारायचे, "यारु ओडसोदु?" म्हणजे, चालवणार कोण?

"मालक" किंवा "गिऱ्हाईक" असलं मोघम उत्तर त्यांना चालत नसे. त्या माणसालाच घेऊन ये, असा हुकूम निघायचा. तो आला की स्थळ बघायला आल्यासारखे त्याला न्याहाळायचे, चार प्रश्न विचारायचे, आणि मग डबा उघडून स्प्रिंगा तळहातानं गुडघ्यावर दाबत बसायचे.

त्यांचं गॅरेज म्हैसूरच्या नजरबाद भागात होतं. मी कोल्हापुराहून नोकरीसाठी म्हैसूरला आलो. पिरियापट्टणच्या बाजूला एका टेकडीच्या पायथ्याशी पर्यटकांना एटीव्ही, म्हणजे जाड टायरांच्या चारचाकी डोंगरगाड्या, फिरवायला देतात, तिथली व्यवस्था माझ्याकडे. गाड्यांच्या निमित्तानं काकांकडे जाणं-येणं सुरू झालं. मराठी बोलणारा भेटला म्हणून मी हरखलो, पण त्यांच्या मराठीत कन्नडच जास्त. माझं मराठी ऐकून ते म्हणत, "तू पेपर वाचल्यासारखा बोलतोस."

अशा गाडीच्या क्लचमध्ये दोन स्प्रिंगा असतात. इंजिनाकडची ठरवते गाडी जागची कशी सुटेल. ती कडक असली की इंजिन आधी घुमतं आणि मग गाडी उडी मारते. नरम असली की गाडी अलगद निघते. दुसरी स्प्रिंग चढावर जोर टिकवते, पण ती फार कडक केली तर सपाटीवर इंजिन उगाच ओरडतं आणि जोर चाकांकडे नेणारा रबरी पट्टा तापतो. एवढंच प्रकरण. पण काका ते अशा थाटात सांगायचे की ऐकणाऱ्याला आपण दरबारात उभे आहोत असं वाटावं. पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते, हेही लगेच यायचं. "घोडा तोच असतो रे. स्वार बघून खोगीर आवळायचं!"

एकदा बेंगळुरूचा एक तरुण आला. त्याला पिकअप हवा होता, बाणासारखा. काकांनी त्याला मागच्या अंगणात एक फेरी मारायला लावली आणि डबा बंद केला. "ब्रेक उशिरा दाबतोस. आधी ते शीक, मत्ते पिकअप." तो चिडून निघून गेला. काका मात्र दिवसभर खुशीत होते.

ते चुकत नसत असं नाही. पण निवड फसली की दोष स्वाराचा. "मधल्या काळात तुझं वजन वाढलं," असं मला त्यांनी तोंडावर ऐकवलंय.

या माणसाची खरी पंचाईत झाली ती काकूंपायी. आमच्याच टेकडीच्या माथ्यावर, एका झाडाखाली, काकूंच्या माहेरची देवी आहे. वर जायला फक्त पायवाट. गुडघे गेल्यापासून काकूंचं तिकडे जाणं बंद झालं होतं, आणि त्याचं दुःख त्या रोज देवापुढे बोलून दाखवायच्या. काकांनी आमच्याकडची एक जुनी गाडी मागून घेतली. "हिला मागं बसवून नेतो," म्हणाले. मला वाटलं, दोन दिवसांचं काम.

कसलं काय! पहिल्याच चाचणीत गाडी सुटताना हिसका बसला आणि काकू "आई गं" म्हणाल्या. झालं. त्या दिवसापासून काका रोज क्लच उघडायचे. नरम घातली तर चढावर गाडीला धाप लागते, कडक घातली तर काकूंच्या कमरेला त्रास. एकदा जुळलं तर "पट्टा तापतो" म्हणून परत उघडला. इतरांची निवड एका बैठकीत करणारा माणूस तीच स्प्रिंग पुन्हा पुन्हा गुडघ्यावर दाबताना मी पाहिला.

शेवटी काकूच गॅरेजात येऊन थडकल्या. "अवो, सुम्ने उगाच किती दिवस लावालाय? मला देवीकडं जायचंय, रेसला नाय!"

"दुसऱ्या कुणाची कंबर असती तर कधीच दिली असती गाडी," काका पुटपुटले. काकूंना ऐकू गेलं असावं. त्या चहा सांगायला गेल्या.

पुढच्या आठवड्यात ते वर गेले. मी दुसऱ्या गाडीवरून मागोमाग होतो. गाडी इतकी हलकेच सुटली की काकूंच्या हातातली ओटीची पिशवीही हलली नाही. वरच्या उभ्या चढावर इंजिन एका सुरात राहिलं. माथ्यावर काकू उतरल्या, देवीपुढे बसल्या आणि रडल्या. काका तोंड फिरवून पट्ट्याला हात लावून बघत होते, तापलाय का म्हणून.

त्यानंतर देवीच्या दर जत्रेला दोघं यायचे. मग एका हिवाळ्यात काका गेले. आता काकूंना वर नेण्याचं काम माझ्याकडे आलं. मी ती गाडी तशीच ठेवली. पर्यटक म्हणत, "हिला पिकअप नाही." मी त्यांना दुसरी द्यायचो. त्या गाडीच्या क्लचला हात लावायला माझं मन होत नव्हतं.

पण स्प्रिंग दाबून दाबून बसते. यंदा जत्रेत अर्ध्या चढावर गाडी गुरगुरली, पट्टा घसरला आणि आम्ही थांबलो. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मी मान खाली घालून उभा राहिलो.

"बसली ना ती?" काकूंनी विचारलं.

"हो."

"मग काढ. ठेवून काय करणार? मला वर जायचंय."

त्या दिवशी आम्ही खाली परतलो, आणि त्याच आठवड्यात मी पट्टा आणि दोन्ही स्प्रिंगा बदलल्या. निवड माझीच. काकांसारख्या गुडघ्यावर दाबूनही पाहिल्या, पण मला त्यांतलं काही कळलं नाही. काकूंचं वजन आणि चढ लक्षात घेऊन ज्या बऱ्या वाटल्या त्या बसवल्या.

काकू मागे बसल्या. मी गाडी सोडली आणि झटका बसला. फार नाही, थोडासाच. काकूंनी दोन्ही हातांनी माझे खांदे घट्ट धरले आणि वर देवीच्या झाडापर्यंत सोडले नाहीत.