लॉर्नाचा राहिलेला नवस

लॉर्ना गेल्याचं मला लिफ्टमध्ये कळलं. सिंगापूरमधल्या पुंगोलला आमच्याच ब्लॉकमध्ये ती तिघीचौघींबरोबर भाड्याने राहायची. त्यांतली एक रडत म्हणाली, "ड्यूटीवरच कोसळली. मेंदूत रक्तस्राव." मी भाजीची पिशवी घेऊन तशीच उभी. डिसेंबर सरत आला होता... म्हणजे यंदाही राहिलंच, हाच माझ्या मनातला पहिला विचार, आणि तो रागाचा होता.

लॉर्ना फिलिपिन्समधल्या कालिबो गावची, इथे एका वृद्धाश्रमात नर्स. आमची ओळख काजळामुळे झाली. माझी सई तान्ही होती आणि मी आईच्या पद्धतीने तुपाच्या निरांजनावर तांब्याची ताटली धरून काजळ करत होते. दार उघडं होतं. ही जाता जाता थबकली आणि म्हणाली, "ती काजळी मला थोडी देशील?" मला वाटलं, डोळ्यांत घालायची असेल. तर हिला ती गालांना फासायची होती.

तिच्या गावी जानेवारीत अटी-अतिहानचा उत्सव असतो. तिचं गाव आहे ते बेट मूळचं अटी नावाच्या सावळ्या आदिवासींचं. त्यांनी बाहेरून आलेल्यांना जागा दिली, म्हणून पाहुणे चेहऱ्याला काजळी लावून त्यांच्यासोबत नाचले, अशी गोष्ट सांगतात. पुढे त्यात बाळ येशू आला. आता पिसांचे मुकुट, ढोल, रंगीबेरंगी कपडे, रस्ताभर नाच. "आणि खरे अटी?" मी विचारलं. "ते कडेला बसून औषधी मुळ्या विकतात," ती म्हणाली, आणि हसली.

तिची लेक आयरा लहानपणी तापाने जायचीच बाकी राहिली होती. तेव्हा लॉर्ना नवस बोलली, की पोर वाचली तर बाळ येशूला कडेवर घेऊन कालिबोच्या रस्त्यावर नाचेन. पोर वाचली, पण पोटासाठी आई इकडे आली ती आलीच. दरवर्षी ती जानेवारीत रजा मागायची आणि दरवर्षी एकच उत्तर मिळायचं, चिनी नववर्षाची गडबड आहे, नंतर जा. "नंतर जाऊन काय करू? उत्सव माझ्यासाठी थांबणार आहे?" असं म्हणत ती माझ्या स्वयंपाकघरात यायची. मी तिच्या गालांना काजळी लावायचे, ती बाळ येशूची हातभर मूर्ती कडेवर घ्यायची आणि फोनवर आयराला दाखवत ओट्यापुढे चार पावलं नाचायची. मग म्हणायची, "हे धरत नाहीत हं. नवस तिथेच फेडायचा असतो."

अंत्यदर्शनाला तिच्या पेटीशेजारी वृद्धाश्रमाचं भलंमोठं पुष्पचक्र होतं. त्यावर लिहिलं होतं, 'आमच्या कुटुंबातली एक.' माझं डोकंच फिरलं. कुटुंबातल्या माणसाला आठवडाभर घरी सोडत नाहीत होय? तिथली मॅनेजरबाई डोळे टिपत मला म्हणाली, "लॉर्नावाचून आमचं कसं होणार, कळत नाही." झालं की छान! आठवड्याच्या आत तिच्या जागी दुसरी मुलगी आली. मेल्यावर तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. अडत होतं ते फक्त ती जिवंत असताना.

पेटी विमानाने गावी गेली. सामानात मी काजळाची डबी ठेवली होती.

उत्सवाच्या रविवारी सकाळी मी सवयीने निरांजन लावलं आणि ताटली धरली. सई आता आठ वर्षांची आहे. फिलिपिनो लोक ताईला 'आते' म्हणतात, तीही लॉर्नाला तेच म्हणायची. तिने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "आई, हू इज दॅट फॉर? आते नॉट कमिंग, लाह."

"माहितीये मला," मी म्हणाले.

तेवढ्यात आयराचा व्हिडिओ आला. ढोलांच्या गर्दीत, आईची मूर्ती कडेवर घेऊन ती नाचत होती. रडत होती आणि नाचत होती. गालांवर माझ्या डबीतली काजळी. खाली लिहिलं होतं, "आंटी, मम्मीचा नवस फिटला." लॉर्नाच्या मैत्रिणीही तेच म्हणतात, माझा नवराही तेच म्हणतो. डोंबलाचा फिटला! नाचायचं होतं लॉर्नाला. लेकीने तो नाच बघायचा होता.

मी आयराला उत्तरात फक्त हात जोडले.

ताटलीवर काजळी छान दाट धरली होती. सवयीने बोटावर घेतलीही... मग ओट्यावरच्या फडक्याला पुसून टाकली.