मऊरानीपूरच्या बसचे कक्का

तिकीट फाडण्याआधी कक्का प्रत्येक उतारूला विचारत, "लेबे को आ रओ?" म्हणजे घ्यायला कोण येणार आहे. कुठे उतरायचं ते नंतर. झाशीहून मऊरानीपूरला जाणाऱ्या एका खासगी बसचे ते कंडक्टर. आणीबाणी उठल्यानंतरची ती वर्षं. त्या रस्त्यावर चाकू दाखवून लुटण्याचे प्रकार अधूनमधून होत, आणि फाट्यावर उतरलेली एकटी बाई घरी धड पोचेल याचा भरवसा नसे. "कोई नईं" असं उत्तर आलं की कक्का बसभर नजर फिरवत आणि त्याच गावच्या एखाद्या म्हाताऱ्याला सांगत, "बब्बा, जा मोड़ी तुमाए संगे," ही पोर तुमच्यासोबत. मग फाट्यावर ते दोघं गावाच्या वाटेला लागेपर्यंत बस हलत नसे. ड्रायव्हर हॉर्न वाजवी, लोक कुरकुरत. कक्का दारात उभे राहून पाहत राहत.

माझी बायको सुनंदा याच बसने बरुआसागरच्या पुढच्या एका शाळेत शिकवायला जाई. त्यामुळे कक्कांबद्दल मला सगळं कळे, आणि नको इतकं कळे.

आमचे पूर्वज शिपाईगिरी करत इकडे झाशीला आले आणि इथलेच झाले. वडील रेल्वेच्या कारखान्यात हातोडा चालवत. घराण्यात बी. ए. झालेला पहिला मी, सरकारी दफ्तरात बाबू. ओरछा गेटच्या आमच्या गल्लीत कुणाला अर्ज लिहून हवा असला की तो माझ्या दारात येई, आणि माझ्या अर्जात कुणाला फट सापडत नसे. हे मी अभिमानाने सांगतो, कारण ते मी मिळवलं होतं. अशा माणसाच्या पानासमोर रोज एका आठवी नापास कंडक्टरचं नाव निघे.

"आज कक्कांनी एका ठाकूरसाहेबांची बंदूक ड्रायव्हरपाशी ठेवायला लावली," सुनंदा सांगे. "ते म्हणाले, माझ्याकडे लायसन्स आहे. तर कक्का काय म्हणाले माहितीये? बंदूक को टिकट नईं लगत, सो सीट भी नईं मिलत. सगळी बस हसली. ठाकूरसाहेबसुद्धा."

"एवढं शहाणपण होतं तर ठाणेदार का नाही झाले?"

"अहो, तुम्ही कशाला चिडताय? भात वाढू?"

बसायच्या जागाही कक्काच ठरवत. बायका ड्रायव्हरच्या मागच्या दोन बाकांवर, आणि टोळक्याने चढलेले तरुण कधीही एकत्र नाहीत. एकेकाला उठवून एकेका म्हाताऱ्याशेजारी बसवत. "जवान खों डुकरा के बगल में बैठार दो, सो बो भी तनक डुकरा हो जात," असं त्यांचं म्हणणं; डुकरा म्हणजे इकडे म्हातारा. सुनंदा हे वाक्य त्यांच्यासारखी मान वाकडी करून म्हणे आणि स्वतःच हसे. माझ्या कुठल्या वाक्याची तिने अशी नक्कल केल्याचं मला आठवत नाही.

एकदा मी तिला पोचवायला म्हणून स्टँडवर गेलो. खरं तर त्यांना पाहायला गेलो होतो. पन्नाशी उलटलेला, किडकिडा, पानाने दात रंगलेला माणूस. मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "बाबूजी, तुम चिंता नें करो. हम हैं." माझ्या बायकोची चिंता करू नका हे मला सांगणारा हा कोण, असं मनात आलं. दिवसभर फायलीत लक्ष लागलं नाही.

त्याच हिवाळ्यात ती दुपार आली. चारच्या परतीच्या बसमध्ये बरुआसागरच्या अलीकडे तिघे उठले. एकाने ड्रायव्हरच्या मानेला चाकू लावला, दुसऱ्याने एका म्हातारीच्या गळ्यातल्या चांदीच्या हसलीला हात घातला. कक्का मध्ये गेले. भांडले नाहीत. म्हणाले, "काऊ खों हाथ नईं लगाने. हम खुदई इकट्ठो करकें देत." आणि आपली तिकिटांची पिशवी रिकामी करून ते बाकाबाकाशी फिरले. "काढा, बाई. दागिना पुन्हा घडतो," असं प्रत्येकीला सांगत त्यांनी ऐवज गोळा केला आणि पिशवी त्या लोकांच्या हातात दिली. कुणाच्या अंगाला बोट लागलं नाही. उतरता उतरता तिसऱ्याने उगाचच, जाताजाता, कक्कांच्या दंडावर चाकू ओढला.

सुनंदाने आपला पदर फाडून तो दंड बांधला. मोरपंखी साडी होती, आमच्या पहिल्या दिवाळीला मी आणलेली. ती घरी आली तेव्हा गळा रिकामा होता, पदर अर्धा होता, हात रक्ताने भरलेले होते. मी म्हणालो, "उद्यापासून नोकरी बंद."

"का?"

"का म्हणून विचारतेस?"

"मी जाणार," ती म्हणाली. "कक्का आहेत तोवर मला भीती नाही."

हे वाक्य तिने माझ्याबद्दल म्हणावं म्हणून मी काय केलं होतं? बी. ए. केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दफ्तरात बसून मी बसमालकाला निनावी अर्ज लिहिला. कंडक्टरने दागिने स्वतः फिरून गोळा केले, लुटारूंच्या हाती स्वतः दिले, प्रतिकार केला नाही, एकाही उतारूला करू दिला नाही, आणि जखम झाली ती नेमकी वरवरची. यावरून काय समजावं, ते मालकांनीच ठरवावं. खोटं असं त्यात एकही वाक्य नव्हतं. तेच तर माझं कसब.

मालकाने आठवड्याच्या आत कक्कांना बसवरून उतरवलं. लेखी खुलासा द्या, नाहीतर हा कागद पोलिसांकडे जाईल, असं बजावलं. आणि खुलासा लिहून घ्यायला कक्का आमच्याकडे आले. सुनंदानेच सांगितलं होतं त्यांना: आमच्याकडे या, आमचे हे छान लिहितात.

संध्याकाळी ते बाजेच्या काठावर बसले. दंडाला पट्टी होती. सुनंदा चहा ठेवून तिथेच थांबली. "मालिक केत हते, कागज कोनऊ वकील ने लिखो है," ते म्हणाले. मी कागद पुढे ओढला आणि एक मुद्दा मांडला. मग तो खोडला, कारण त्याला उत्तर माझ्याच अर्जात होतं. दुसरा मांडला, तोही खोडला. अर्जात फट नव्हती. लिहिणाऱ्याने स्वतः मागे घेतल्याशिवाय तो माणूस सुटत नव्हता.

"असा कोण मेला दुष्ट असेल," सुनंदा म्हणाली.

कक्कांनी मान हलवली. "नईं बैनजी. जीने लिखी, ऊकी घरवाली ओई बस में जात हुइए. डर गओ हुइए बिचारो."

लिहिणाऱ्याची बायको त्याच बसने जात असेल, घाबरला असेल बिचारा. बिचारा. एवढं ऐकल्यावर मी नवा कागद घेतला आणि न थांबता लिहिलं. आमच्याकडे रीत अशी, की ज्याच्यासाठी अर्ज लिहिला त्याला तो वाचून दाखवायचा. मी वाचून दाखवला. कंडक्टरविरुद्धचा अर्ज मी, अमुक अमुक, बी. ए., याने लिहिला. तो मत्सरापोटी लिहिला. माझी पत्नी त्या बसमध्ये होती आणि या माणसामुळे ती सुखरूप घरी आली. खाली सही, पूर्ण पत्ता.

कक्कांनी चहा संपवला, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बाबूजी, अपनो नाव काट दो."

"का?"

"बैनजी खों रोज ओई बस में जाने है. सवारीं इनें का केहें?"

उतारू हिला काय म्हणतील. त्यांची नोकरी गेलेली, पोलीस दारात यायचे बाकी, दंडाची जखम ओली, आणि ज्याने हे केलं तो समोर बसलेला. तरी त्यांच्या मनात आधी तिचा उद्याचा प्रवास आला. मी नवरा. माझ्या मनात तो आला नव्हता.

माझ्या हातात पेन होतं. खरं सांगायचं तर ते नावाकडे वळलंही होतं. सुनंदाने सहीवर बोट ठेवलं. "राहू दे नाव," ती म्हणाली. "म्हणू देत मला काय म्हणायचं ते." मग तिने कागदाची घडी घालून ती कक्कांना दिली.

आठव्या दिवशी ते परत बसवर चढले. सुनंदा त्याच बसने गेली, आणि पुढे बदली होईपर्यंत जात राहिली. बसमधल्या बायकांनी तिला काय ऐकवलं ते तिने मला कधी सांगितलं नाही. कक्कांच्या गोष्टीही त्यानंतर जेवताना निघाल्या नाहीत. मला त्या ऐकायच्या होत्या. मी एकदोनदा विचारलंही, आज बसमध्ये काय झालं. ती म्हणे, "काही नाही. भात वाढू?"

कक्का गेले तेव्हा ती एकटीच त्यांच्या घरी प्रेम नगरला जाऊन आली. मीही येतो म्हणालो होतो. ती चपला घालत म्हणाली, "तुम्ही राहू द्या." ती कुणासाठी इतकी रडलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि आपल्यासाठी कुणी असं रडेल का, हा विचार त्या दिवशीसुद्धा माझ्या मनात आला.